गांबियाला दहा दिवस जायचं आहे, काय तयारी करावी?

प्रश्न विचारणारे पुण्याचे आहेत. नवरा-बायको दोघंही साठीला टेकलेले, मुलगा लंडनला. डिसेंबरात तिघांनी मिळून गांबियाला जायचं ठरतंय. घरी शाकाहार, वहिनींचे गुडघे दुखतात, आणि जमलं तर शेजारचं सेनेगलही उरकून घ्यावं असा विचार आहे. शेवटी त्यांनी विचारलंय, "एवढासा देश, दहा दिवस जास्त तर होणार नाहीत ना?"

मी काजू बीच्या व्यापारात आहे. आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या कारखान्यांना लागते तेवढी बी आपल्याकडे पिकत नाही, म्हणून ती पश्चिम आफ्रिकेतून आणावी लागते. त्या खरेदीसाठी मी बरीच वर्षं गांबियाला जातो. बीचा हंगाम मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंत असला तरी मोहोर कसा आहे ते बघायला थंडीतही फेरी होते, त्यामुळे तुम्ही निवडलेले दिवस माझ्या ओळखीचे आहेत.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. दहा दिवस अजिबात जास्त नाहीत. गांबियाचं क्षेत्रफळ साधारण ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. पण हा देश एका नदीच्या दोन्ही काठांवर तीनशेहून जास्त किलोमीटर लांब पसरलाय आणि रुंदीला कुठेच पन्नास किलोमीटरच्या वर जात नाही. तिन्ही बाजूंना सेनेगल, चौथ्या बाजूला अटलांटिक. बहुतेक पर्यटक किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आठवडा काढतात आणि परत जातात. त्यांनी गांबिया पाहिला असं मी म्हणणार नाही. निम्मे दिवस किनाऱ्याला द्या, किमान तीन रात्री नदीच्या वरच्या अंगाला काढा, आणि सेनेगल या खेपेला सोडून द्या. का ते पुढे सांगतो.

कागदपत्रांपासून सुरुवात करू. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. दिल्लीत गांबियाचं उच्चायुक्तालय आहे. अर्ज, फी आणि लागणारे दिवस यांची लेखी खात्री तिथूनच करून घ्या आणि मगच तिकिटाचे पैसे भरा. 'तिथे उतरल्यावर मिळतो' असं एखादा एजंट तोंडी सांगेल, त्यावर विसंबू नका. मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत; त्याचं झालं म्हणजे तुमचं झालं असं नाही.

मुंबईहून गांबियाच्या राजधानीला, बांजुलला, थेट विमान नाही. इस्तंबूल, ब्रसेल्स किंवा कॅसाब्लांका असा कुठला तरी वळसा घ्यावाच लागतो. लंडनच्या गॅटविकहून थंडीच्या हंगामात सरळ विमानं असतात, सहा-एक तासांची. त्यामुळे आधी मुलाकडे जाऊन तिघांनी मिळून निघणं सोयीचं पडेल. अर्थात ब्रिटनचा व्हिसा हाताशी हवा. युरोपमार्गे जाणार असाल तर त्या विमानतळावर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकिटाआधी बघा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. दोन वेगळी तिकिटं काढून वाटेत सामान घ्यायचं आणि पुन्हा चढवायचं, हे या वयात कशाला?

आता सगळ्यात महत्त्वाचं: यलो फीवरची लस. गांबिया या रोगाच्या पट्ट्यात येतो. तिथून परतणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. यात ओळखपाळख चालत नाही, आणि चालूही नये; आपल्याकडे हा रोग नाही पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते आणि नंबर लावावा लागतो. म्हणून निदान दीड महिना आधी हालचाल करा.

तुमच्या वयामुळे इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असतं. अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, कर्करोगाचे उपचार, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर केंद्रात जायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. वहिनींचं गुडघेदुखीचं कारण संधिवात असेल आणि त्यासाठी मेथोट्रेक्झेटसारखी गोळी चालू असेल, तर हे विसरून चालणार नाही. डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर सूट दिल्याचं पत्र मिळतं, पण त्या पत्रावर परतताना इथे सोडतील का, हे विमानतळ आरोग्य कार्यालयाला आधी विचारून घ्या. लस घेता येत नसेल तर ही सहल रद्द करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात या लशी झाल्या नसतील तर त्याही आताच उरकून घ्या. मेंदुज्वराच्या, म्हणजे मेनिंजायटिसच्या, लशीचंही विचारा, गांबिया आफ्रिकेतल्या त्या रोगाच्या पट्ट्यात आहे आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांतच असतो.

मलेरियाबद्दल आपल्या माणसांचा एक गैरसमज मी पुन्हा पुन्हा ऐकतो: आपण डासांत वाढलो, आपल्याला काय होणार! तिथला मलेरिया बहुतेक करून फाल्सिपेरम जातीचा असतो, जो मेंदूपर्यंत पोचतो आणि दोन-चार दिवसांत माणूस नेऊ शकतो. पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. मलेरियाचा कहर सप्टेंबर ते डिसेंबर. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तो ओसरत आलेला असेल, संपलेला नसेल. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्याच लागतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर आठवडाभर घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते, पण ती परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि तिने ऊन बाधतं. कोणती घ्यायची ते तुमच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या बघून डॉक्टर ठरवतील. क्लोरोक्विनचा तिथे उपयोग नाही. डास पळवायचं मलम डीईईटी या द्रव्याचं प्रमाण भरपूर असलेलं घ्या आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

मच्छरदाणीत झोपा, आणि झोपताना एक लक्षात असू द्या. औषध लावलेल्या मच्छरदाणीने लहान मुलांचे जीव वाचतात, हे ज्या अभ्यासांतून जगाला पटलं त्यांतले सुरुवातीचे आणि महत्त्वाचे अभ्यास गांबियाच्या खेड्यांतच झाले. किनाऱ्यावरच्या फजारा इथे १९४७ पासून ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र आहे. एवढ्या छोट्या, गरीब देशाने सगळ्या जगाला दिलेली ही देणगी आहे.

पैशांचं लवकर आवरतो. चलन दलासी. अलीकडे एका डॉलरला सत्तरच्या आसपास दलासी मिळतात, म्हणजे रुपयापेक्षा थोडा वरचढ. आपले रुपये तिथे कोणी घेत नाही, यूपीआय आणि रुपे कार्ड धरू नका. डॉलर, युरो किंवा पौंड रोख न्या आणि तिथे थोडे थोडे बदला. एटीएमवर व्हिसा कार्ड बऱ्यापैकी चालतं, मास्टरकार्डचा भरवसा कमी. किनारा सोडून आत जायच्या आधी सगळे पैसे काढून घ्या. २०१९ पासून विमानतळावर सुरक्षा शुल्क सुरू झालं, येताना २० डॉलर आणि जातानाही २०. ते तिकिटात धरलंय की हातात द्यायचं, हे विमान कंपनीला विचारा आणि तेवढे सुटे डॉलर वेगळे ठेवा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी पायांचा. वीज जाते. टॉर्च आणि पॉवर बँक हवीच.

रस्ता ओलांडताना मात्र सांभाळा. इंग्रजांनी त्यांनाही डावीकडून चालायला शिकवलं होतं, पण तिन्ही बाजूंना सेनेगल असल्याने १९६५ च्या ऑक्टोबरात त्यांनी वाहतूक उजवीकडे नेली. आपली मान सवयीने उलट्या बाजूला वळते. पहिले दोन दिवस तिघांनी एकमेकांना आठवण करत राहा.

राहायला कोलोलीच्या गजबजलेल्या पट्ट्यापेक्षा कोटू, फजारा किंवा बकाऊची केप पॉइंटची बाजू मी सुचवेन. कोलोलीत रात्री उशिरापर्यंत गाणी आणि हॉटेलाबाहेर मागे लागणारी पोरं, दोन्हीचा त्रास होतो. खोली तळमजल्यावर मागून घ्या.

फिरण्यासाठी तीन प्रकार आहेत. 'गेले-गेले' म्हणतात त्या खच्चून भरलेल्या व्हॅन, हिरव्या पट्ट्यांच्या पिवळ्या टॅक्सी आणि पर्यटकांसाठीच्या हिरव्या टॅक्सी. वहिनींचे गुडघे बघता गेले-गेलेचा नाद नको. पाय मुडपून बसावं लागतं आणि दर थांब्यावर उठावं लागतं. पिवळी टॅक्सी ठरावीक मार्गावर चार जणांना घेऊन चालते आणि फार स्वस्त पडते. पूर्ण गाडी हवी असेल तर 'टाउन ट्रिप' म्हणून सांगायचं आणि बसायच्या आधी भाडं ठरवायचं. हिरवी टॅक्सी महाग, पण हॉटेलच्या दारात मिळते आणि दर फलकावर लिहिलेले असतात. पहिल्या दिवशी ज्याची गाडी आणि वागणूक पटली त्याचा नंबर घ्या आणि पुढची सगळी फिरती त्याच्याकडेच द्या. तिथे माणसाशी माणूस जोडूनच कामं होतात.

किनाऱ्यावरच्या ठिकाणांची नावं कुठेही मिळतील. बिजिलोच्या जंगलात माकडं आहेत. त्यांना शेंगदाणे घालायचा मोह आवरा, ती चावली तर रेबीजच्या सुया शोधत फिरावं लागेल. बकाऊचं कचिकल्ली हे मगरींचं तळं तिथल्या लोकांचं श्रद्धास्थान आहे, मूल व्हावं म्हणून बायका तिथल्या पाण्याने स्नान करतात. तेव्हा आवाज जपून. अबुकोचं राखीव जंगल लहान पण दाट, सकाळी लवकर जा. पक्ष्यांची आवड असेल तर हा देश म्हणजे पर्वणीच, साडेपाचशेहून जास्त जातींची नोंद आहे. कोटूच्या खाडीवरच्या पुलावर नुसतं उभं राहिलं तरी तासाभरात खंड्यांचे दोन-तीन प्रकार दिसतात.

पण एकच संध्याकाळ असेल तर ती मी तांजीला देईन. तांजी हे मासेमारीचं गाव. दुपार कलली की रंगवलेल्या लांबलचक होड्या समुद्रातून येऊ लागतात. धक्का नाही, जेटी नाही. होडी लाटांतच थांबते. बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरतात, डोक्यावर पाट्या, आणि भरलेल्या पाट्या घेऊन लाट चुकवत किनाऱ्यावर येतात. पाणी मानेवरून ओघळत असतं, पाठीला बाळ बांधलेलं असतं आणि तोंडाने भाव चालू असतो. मागच्या बाजूला धुरी द्यायची लांब घरं आहेत. तिथे बोंगा मासा दिवसचे दिवस धुरावर सुकवतात आणि तो देशाच्या आतल्या भागात जातो. तुम्ही शाकाहारी आहात, वासाने पहिल्यांदा जीव घाबरेल. तरी जा. मालवण किंवा हर्णै बंदर ज्यांनी पाहिलंय त्यांना या कामाचे कष्ट कळतील. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. त्या बायका कामात असतात, आणि कोणी न विचारता कॅमेरा रोखला की रागावतात, ते योग्यच आहे.

समुद्रात उतरायचं असेल तर लाल बावटा पाळा. अटलांटिकची ओढ फार असते.

राजधानी बांजुल अर्ध्या दिवसात होते. नदीच्या मुखावरचं बेट, १८१६ मध्ये इंग्रजांनी वसवलं ते गुलामांचा व्यापार रोखायला; १९७३ पर्यंत त्याचं नाव बाथर्स्ट होतं. आल्बर्ट मार्केटमध्ये घासाघीस करा, पण हसून करा. तिथल्या नव्या संसद भवनाच्या बांधकामाला भारताने कर्ज दिलं होतं, आणि २०१९ मध्ये आपले तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद तिथे बोलून आले. टॅक्सीवाल्याला हे ठाऊक असतं.

समोरच्या काठावर 'बारा' नावाचं गाव. तिथून जुफुरे आणि आल्ब्रेडा ही गावं आणि नदीतलं कुंता किंते बेट. बेटाचं जुनं नाव जेम्स, २०११ मध्ये बदललं. इथल्या किल्ल्यातून माणसं जहाजात भरून अमेरिकेकडे नेली जात. २००३ पासून हे सगळं जागतिक वारसा यादीत आहे. बेट लाटांनी झिजत चाललंय, भिंतींचे अवशेष आणि काही गोरखचिंचेची झाडं उरलीत. मुलाने तरी हे बघावंच. वहिनींसाठी अडचण अशी की आल्ब्रेडाहून लहान होडीत चढ-उतार करावी लागते आणि बारा-बांजुल फेरीबोटीचा वेळ कोणी सांगू शकत नाही, तास-तास खोळंबा होतो. फेरी चुकली म्हणून लहान होडीने नदीचं मुख ओलांडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्या होड्या बुडाल्या आहेत. बांजुलहून थेट बेटावर जाणाऱ्या पर्यटकांच्या मोठ्या बोटीची दिवसभराची सहल मिळते, तुम्हाला ती बरी.

आता नदीच्या वरच्या अंगाकडे. दक्षिण काठाने पूर्वेला निघायचं, पहिली रात्र तेंडाबाला. इथे नदी खाडीसारखी रुंद आणि खारी आहे, दोन्ही बाजूंना कांदळवन. पावसाळा संपला की समुद्राचं पाणी दर महिन्याला थोडं थोडं आत सरकतं, कोरड्या दिवसांच्या शेवटी ते दोनशे किलोमीटरच्या आसपास आत पोचलेलं असतं. त्याच्यापुढे नदी गोडी होते, कांदळवन संपतं, भातशेती दिसू लागते आणि पाणघोडे दिसू लागतात. हा बदल गाडीच्या खिडकीतून एका दिवसात दिसतो, म्हणूनच मी हा प्रवास रस्त्याने करायला सांगतो.

पुढच्या दोन रात्री जांजांबुरेला, जे जुनं जॉर्जटाउन. तिथून होडीने गांबिया नदी राष्ट्रीय उद्यानाकडे जाता येतं. त्यातल्या बेटांवर १९७९ पासून चिंपांझी सोडलेत, पाळीव म्हणून किंवा विकण्यासाठी पकडलेले, पुन्हा जंगलात रुजवलेले. बेटावर पाऊल ठेवायला कोणालाही परवानगी नाही, होडीतूनच बघायचं. नावाडी 'जरा जवळ नेतो' म्हणाला तर नको म्हणा. माणसाची सर्दीसुद्धा त्यांना मारक ठरू शकते.

वासूची दगडी वर्तुळं जांजांबुरेहून जवळ, उत्तर काठावर. जांभा दगडाचे घडवलेले खांब, काही पुरुषभर उंचीच्या वर, गोल रचलेले, खाली दफनं. नदीच्या काठाने साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अशी हजारावर स्मारकं आहेत. त्यांतले चार समूह, दोन गांबियातले आणि दोन सेनेगलमधले, २००६ मध्ये वारसा यादीत गेले. कोणी उभारली ते अजून ठरलेलं नाही. खांबांच्या माथ्यावर लोक लहान खडे ठेवतात. सकाळी आठच्या सुमारास जा, ऊन तिरपं असतं आणि तांबडा दगड पेटल्यासारखा दिसतो. कोकणी माणसाला जांभ्याचं कौतुक वाटणार नाही असं वाटतं, पण तिथे उभं राहिल्यावर वाटतं.

परत येताना उत्तर काठाने येऊन फराफेन्नीचा पूल ओलांडा. २०१९ च्या जानेवारीत तो सुरू होईपर्यंत तिथे फेरीसाठी ट्रक दिवसचे दिवस उभे असत. रस्ते चांगले आहेत, पण पोलीस चौक्या बऱ्याच. पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, यलो फीवरचं पुस्तक एकाच पाकिटात, पटकन हाती येईल असं ठेवा. चौकीवर आधी 'सलाम अलेकुम', मग तब्येतपाणी, मग कागद. घाईने कागद पुढे करणाऱ्याला जास्त वेळ लागतो, हे मी नेहमी बघतो. पोलीस, लष्कर, बंदर, विमानतळ, राष्ट्रपती भवन यांचे फोटो काढायचे नाहीत.

डिसेंबरात तिथे हरमॅटन सुरू होतो, सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा. दुपारी तीस-बत्तीस अंश, पहाटे मात्र नदीकाठी अंगावर काटा येतो. एक पातळ स्वेटर, ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलीन, दम्याचा त्रास असेल तर पंप.

जेवणाचं बघू. शाकाहार म्हणजे काय हे तिथे समजावून सांगावं लागतं. 'मांस नको' म्हटलं की मासे येतात. 'मासेही नको' म्हटलं की मासे बाजूला काढून रस्सा येतो. शिवाय बहुतेक भाज्यांत सुका मासा किंवा मसाल्याची वडी घातलेली असते. म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा, शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाच भेटून. मागायचं काय? दोमोदा. शेंगदाण्याचं वाटण, टोमॅटो, मिरची, लिंबू, भातावर ओतून. मटणाऐवजी लाल भोपळा घालून करतात. उपासाची शेंगदाण्याची आमटी टोमॅटो घालून दाट केली तर जे होईल ते. आपल्या जिभेला हे पहिल्या घासाला आवडतं. कांदा-लिंबाचा यासा रस्सा कोंबडीशिवाय होऊ शकतो. सकाळी रस्त्यावर तापालापा पावात चवळीची उसळ किंवा चवळीची भजी भरून देतात, गरम आणि पोटभरीची. शेंगदाण्याची काढणी नुकतीच झालेली असते, वाळूत भाजलेले दाणे जागोजागी मिळतात. अंबाडीच्या बोंडांचं वोंजो आणि गोरखचिंचेचं सरबत प्या, फक्त पाणी बाटलीतलं आहे ना ते बघून. भारतीय जेवण किनाऱ्यावर मिळतं, नदीच्या वर मिळत नाही. तिथल्या तीन दिवसांसाठी मेतकूट, खाकरे, दडपे पोहे, चटणी असं काही बरोबर ठेवा. भात सगळीकडे मिळतो.

कोणी अटाया प्यायला बसवलं तर बसा. कोळशावर लहानशी किटली, चिनी हिरवा चहा, भरपूर साखर, उंचावरून ओतून फेस काढायचा. तीन फेऱ्या होतात, प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा गोड आणि हलकी. सगळं मिळून तास-दीड तास जातो. गावची खरी माहिती याच वेळात मिळते: कुठला रस्ता खराब आहे, कोणाची होडी चांगली, कोणाच्या घरी लग्न आहे.

समुद्रावर तरुण पोरं मागे लागतील. 'मी तुमच्या हॉटेलात काम करतो, ओळखलं नाही?' अशी सुरुवात असते. बहुतेक निरुपद्रवी असतात. काम नाही, पर्यटनाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, ही त्यामागची परिस्थिती आहे. हसून, थांबून, 'आज नको' म्हणा आणि तेच धरून राहा. पासपोर्ट, पैसे यांची चर्चा नको, अंधारात किनाऱ्यावर फिरणं नको. मुलांना रस्त्यात गोळ्या-पेनं वाटू नका, त्याने मुलं शाळा सोडून रस्त्यावर येतात. काही द्यायचंच असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती द्या.

भारतीय म्हणून तुमचं स्वागत होईल. हिंदी सिनेमा तिथे आवडीने बघतात, नट-नट्यांची नावं तुम्हाला ऐकवतील. पण एक दुखरी जागा आहे आणि ती माहीत असल्याशिवाय जाऊ नका. २०२२ मध्ये गांबियात साठहून जास्त लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला की भारतात तयार झालेल्या खोकल्या-तापाच्या चार सिरपांत डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल ही विषारी द्रव्यं सापडली आहेत. आपल्या सरकारी तपासणीने तसं आढळलं नाही असं सांगितलं; तिथल्या आई-वडिलांनी कोर्टाची वाट धरली. ज्या देशाची लोकसंख्याच पंचवीस लाखांच्या आत, तिथे एवढी मुलं जाणं म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या ओळखीतलं घर. हा विषय निघाला तर आपल्या देशाची बाजू मांडत बसू नका. ऐकून घ्या, वाईट वाटतं म्हणा. मला स्वतःला त्याची शरम वाटते आणि मी तसं तिथे बोलून दाखवतो.

देश मुस्लिमबहुल आहे, पण ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांच्या सणाला जातात. समुद्रकिनाऱ्याबाहेर खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. उजव्या हाताने द्या-घ्या. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर पाच वर्षांनी डिसेंबरात येते, २०१६ आणि २०२१ ला झाली, त्यामुळे तुमच्या तारखा त्यात येतात का बघा. निवडणुकीच्या आठवड्यात न गेलेलं बरं. मतदान मात्र बघण्यासारखं आहे: उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात काचेची गोटी टाकायची, आत घंटी वाजते.

सेनेगल का नको? त्याचे प्रवेशाचे नियम वेगळे, आणि परत गांबियात शिरायचं तर गांबियाचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागेल. भाषा फ्रेंच, चलन सीएफए फ्रँक, सीमेवर तपासणी दोनदा. तिथली राजधानी डाकार बघायला धावतपळत दोन-तीन दिवस जातील आणि ते तुमच्या नदीच्या तीन रात्रींमधून जातील. दक्षिणेकडच्या कासामान्सला 'अगदी जवळ आहे' म्हणून कोणी नेऊ म्हटलं तर मुळीच नको. १९८२ पासूनच्या संघर्षात पेरलेले सुरुंग काही भागांत अजून आहेत. सेनेगलसाठी वेगळा आठवडा काढा, तेवढी त्याची योग्यता आहे.

आजारपणाचा विमा काढताना त्यात विमानाने दुसऱ्या देशात हलवायचा खर्च आहे ना ते वाचून बघा. बांजुलला मोठं सरकारी रुग्णालय आहे, किनाऱ्यावर खाजगी दवाखानेही आहेत, पण हृदयविकार किंवा मोठा अपघात झाला तर डाकारला न्यावं लागू शकतं. गांबियाचं काम भारताच्या डाकारमधल्या दूतावासाकडे आहे; तिथला नंबर तिघांच्याही फोनमध्ये आणि कागदावर ठेवा. रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. दहा दिवसांच्या सहलीला पंधरा दिवसांच्या न्या.

परत आल्यावर मलेरियाच्या गोळ्यांचा उरलेला डोस पूर्ण करा, घरी आलो म्हणून थांबवू नका. पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला, अगदी अंग कसकसलं तरी, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आपण पश्चिम आफ्रिकेतून आलोय. पुण्यात जानेवारीतल्या तापाला कोणीही आधी व्हायरल म्हणेल. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ताप हटला नाही, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला सांगा.